पुठ्ठ्याचा माग आणि पाचवीचा वर्ग: शाळेत विणकाम शिकवायला घेणाऱ्यांसाठी

पहिल्या वर्षी मी भर जुलैत पाचवीच्या तीस मुलांच्या हाती एकदम पुठ्ठ्याचे माग दिले. त्याआधी कागदावरचा सराव घेतला नव्हता, माडाच्या पातींवरचाही नव्हता. दुसऱ्या आठवड्यात पुठ्ठे सादळले, वाकले, ताणा (मागावरचे उभे धागे) सैल पडला. ज्यांचे माग टिकले त्यांचं कापड मधोमध आवळत गेलं आणि त्याचा डमरू झाला. तीसपैकी अकरा जणांनी काम पुरं केलं. उरलेले एकोणीस माग वर्षाअखेरपर्यंत कपाटावर धूळ खात पडले, आणि त्या एकोणीस मुलांनी मनाशी ठरवून टाकलं की आपल्या हाताला विणकाम येत नाही. मला आजही त्याचंच सर्वांत वाईट वाटतं, कारण मुलांचे हात चांगले होते. क्रम माझा चुकला होता आणि साहित्यही मी चुकीचं निवडलं होतं.

त्यानंतर सहा वर्षं मी डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत दरवर्षी पाचवी-सहावीला विणकाम घेते आहे. आता वर्गातलं जवळजवळ प्रत्येक मूल एक लहानसं का होईना, पण स्वतःच्या हातानं पुरं केलेलं कापड घरी नेतं. चित्रकलेच्या तासाला पहिल्यांदाच विणकाम घेणाऱ्या शिक्षकांसाठी, तसंच शाळेत मदतीला येणाऱ्या पालकांसाठी, मी काय करते ते क्रमानं लिहिते आहे.

१. आधी वेळ ठरवा, मग परवानगी मागा

चित्रकलेचा तास ३५ ते ४० मिनिटांचा. त्यातली दहा मिनिटं साहित्य वाटण्यात आणि गोळा करण्यात जातात. म्हणजे प्रत्यक्ष विणायला मिळतो जेमतेम अर्धा तास. या हिशेबानं कागदाला २ तास, पातींना १ आणि पुठ्ठ्याच्या मागाला किमान ६ तास धरा. शक्य असेल तर मागाचे तास जोडून मागून घ्या. सलग दोन तास मिळाले तर एका तासाच्या दुपटीहून जास्त काम होतं.

गोव्यात पावसाचं गणित सांभाळावंच लागतं. पावसाळ्यात पुठ्ठा सादळतो, फेव्हिकॉल दोन-दोन दिवस वाळत नाही. म्हणून मी जून-जुलैत कागद घेते, गणेश चवथीच्या आधी पाती घेते आणि पुठ्ठ्याचा माग दिवाळीच्या सुट्टीनंतरच काढते. नाताळच्या सुट्टीपर्यंत काम हातावेगळं होतं.

मुख्याध्यापकांनी विचारलं की हे अभ्यासक्रमात कुठं बसतं, तर उत्तर तयार ठेवा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी स्थानिक कारागिरी शिकायला दप्तराविना दहा दिवसांची तरतूद आहे. हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना तर आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेत महात्मा गांधींनीच मांडली होती, आणि त्यात सूतकताई-विणकाम मध्यवर्ती होतं. ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिवस असतो. १९०५ साली त्याच तारखेला कोलकात्यात स्वदेशी चळवळीची घोषणा झाली होती, त्या आठवणीत २०१५ पासून तो पाळतात. त्या दिवशी परिपाठात पाच मिनिटं मागून घेतली की विषयाची ओळख आपोआप होते. मी दरवर्षी तेच करते.

२. साहित्याची यादी (३० मुलांच्या वर्गासाठी)

- जाड पुठ्ठा, आतून नागमोडी थर असलेला. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांचा सर्वांत चांगला. दुकानदाराला आठवडाभर आधी सांगून ठेवलं तर फुकट मिळतो.
- ताण्यासाठी क्रोशाचा जाड सुती दोरा, साधारण १२० मीटर. प्रत्येकी साडेतीन मीटर लागतो, थोडा तुटतो म्हणून जास्त.
- बाण्यासाठी (आडव्या धाग्यासाठी) जाड लोकर, प्रत्येकी १२ ते १५ मीटर, किंवा जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या.
- आइस्क्रीमच्या रुंद काड्या, धोट्यासाठी (बाणा गुंडाळून आरपार न्यायची काडी).
- रुंद दातांचे जुने कंगवे, दोघांत एक.
- कात्र्या दहा, चिकटपट्टी, फेव्हिकॉल, पट्ट्या, पेन्सिली.
- कपडे वाळत घालायचे चिमटे, मुलांच्या संख्येच्या दुप्पट.
- प्रत्येकाची नाव लिहिलेली कापडी पिशवी.

पिशवी फालतू समजू नका. माग, उरलेली लोकर आणि धोटा एकत्र राहिला नाही, तर पुढच्या तासाची पंधरा मिनिटं "टीचर, म्हजो धागो खंय गेलो?" यातच जातात.

लोकर विकत घ्यायची तर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार मला सोयीचा पडतो, पण निम्मं साहित्य घरातूनच येतं. शिंप्याकडची कातरणं, आजीचं विरलेलं लुगडं, बाबांची जुनी लुंगी. मात्र घरून कापड मागवताना लेखी चिठ्ठी द्या आणि खाली पालकांची सही घ्या. एका वर्षी एका मुलीनं आईची जवळजवळ नवी ओढणी आणली, आम्ही ती फाडलीही, आणि संध्याकाळी आई शाळेत आली. तिचं रागावणं रास्त होतं.

ताण्यासाठी लोकर वापरू नका. लोकर ताणली जाते, दोन दिवसांत सैल पडते. शिवणाचा दोरा बारीक असतो, त्यानं पुठ्ठ्याची खाच चिरते. सुतळीचे तूस निघतात आणि बाणा त्यात अडकतो.

३. पहिला धडा कागदाचा

कार्डपेपरचा २० सेंटिमीटरचा चौकोन मधोमध दुमडायचा. दुमडलेल्या कडेकडून २-२ सेंटिमीटरवर काप द्यायचे आणि समोरच्या कडेच्या २ सेंटिमीटर अलीकडे थांबायचं. उघडलं की उभ्या पट्ट्या तयार. हा ताणा. दुसऱ्या रंगाच्या सुट्या पट्ट्या आडव्या घालायच्या. हा बाणा. काप कुठं थांबवायचा ती रेघ पेन्सिलीनं आधीच आखून घ्या, नाहीतर चार-पाच मुलांचा कागद हमखास दोन तुकड्यांत येतो.

एक खालून, एक वरून. हे सगळ्यांना कळतं. दुसरी पट्टी पहिलीच्या उलट जायला हवी, हे मात्र कळत नाही. निम्म्या वर्गाच्या दोन्ही पट्ट्या एकाच वाटेनं जातात. लगेच दुरुस्त करू नका. पाच-सहा पट्ट्या झाल्यावर कागद उभा धरून हलवायला सांगा. बरोबर विणलेला कागद घट्ट राहतो, चुकलेला भसाभस गळतो. एकदा कागद गळताना पाहिलेलं मूल तो नियम विसरत नाही.

शब्दही याच तासाला द्या. ताणा, बाणा, काठ, माग, धोटा. आमच्याकडे बरीच मुलं घरी कोकणी बोलतात, तरी हे शब्द चटकन तोंडात बसतात, कारण 'काठ' तर आईच्या साडीमुळे त्यांना आधीच ठाऊक असतो. फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञानं एकोणिसाव्या शतकातच बालवाडीच्या हस्तकामांत कागद विणणं घेतलं होतं. इतक्या लहान मुलांना झेपतं ते पाचवीला पोरकट वाटेल अशी शंका मला होती. पण रंग निवडण्याची मोकळीक दिली की सहावीची मुलंही रंगून जातात.

४. दुसरा धडा चुडताचा

हा तास माझ्या सर्वांत आवडीचा. गोव्यातल्या मुलाच्या अंगणात, नाहीतर शेजारच्या अंगणात, माड असतोच. नारळ पाडायला पाडेली येतो तेव्हा चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या, खाली पडतात. एक-दोन बाजूला ठेवायला सांगा. तीस मुलांना दोन मोठी चुडतं पुरतात.

पात हिराच्या (तिच्या मधल्या कडक शिरेच्या) दोन्ही बाजूंनी सोलून काढायची, की दोन लांब हिरव्या फिती मिळतात. ताजी पात कडक असते आणि तिच्या कडेनं बोट कापतं. एक रात्र सावलीत ठेवली की ती मऊ पडते, म्हणून आदल्या दिवशी काढा. सोलण्याचं काम स्वतः करा किंवा मोठ्या मुलांना द्या. हीर फेकू नका, पुढे मागावर त्याची गरज लागते.

आठ फिती उभ्या, आठ आडव्या, हाताच्या पंजाएवढी चटई. उभ्या फितींची वरची टोकं चिकटपट्टीनं बाकावर दाबून ठेवली की एका हाताचं ओझं कमी होतं.

या तासाला घरून कोणी येणार असेल तर जरूर बोलवा. पूर्वी पावसाच्या तोंडावर मातीच्या भिंती झाकायला झाप, म्हणजे चुडतांच्या चटया, विणायचे, मांडवावर घालायचे. वाळकी चुडतं काही दिवस पाण्यात भिजत घालायची, मऊ झाली की उभी चिरायची आणि जमिनीवर बसून विणायची. वर्गातल्या एका मुलाची आजी आली होती. तिनं काही समजावून सांगितलं नाही, नुसती खाली बसली आणि विणायला लागली. तिचे हात थांबतच नव्हते. झापात वेगळा ताणा नसतो, चुडताच्या मधल्या दांड्याला चिकटलेल्या पातीच एकमेकींत तिरक्या जातात. "टीचर, ह्यात ताणा कुठला?" असं एका मुलीनं विचारलं तेव्हा मला फार बरं वाटलं. तिला शब्दामागची गोष्ट कळली होती.

५. माग तयार करा

पुठ्ठा २० सेंटिमीटर उंच, १५ सेंटिमीटर रुंद. यापेक्षा मोठा करू नका. मोठा माग दिसायला छान, पण पुरा होत नाही, आणि अपुऱ्या कामाचं ओझं मुलाच्या मनावर राहतं. लवकर संपवणाऱ्याला दुसरा माग द्यावा.

कापण्याआधी पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या कोणत्या दिशेनं जातात ते पाहा. त्या नळ्या उभ्या, म्हणजे ताण्याच्या दिशेनं असायला हव्यात. ताणा वरच्या आणि खालच्या कडेला एकमेकींकडे ओढतो. नळ्या आडव्या असतील तर पुठ्ठा नेमका त्या नळीवर दुमडतो. माझे पहिल्या वर्षीचे कितीतरी माग या एका चुकीनं गेले, आणि मी दोष फक्त पावसाला देत बसले. पुठ्ठा पातळ असेल तर दोन थर फेव्हिकॉलनं चिकटवा आणि रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली ठेवा.

वरच्या आणि खालच्या कडेला, डावी-उजवीकडे दीड-दीड सेंटिमीटर जागा सोडून, १-१ सेंटिमीटरवर खुणा करा. १३ खुणा होतील. प्रत्येक खुणेवर अर्धा सेंटिमीटर खोल खाच कात्रीनं द्या. ब्लेड किंवा कटर मुलांच्या हाती देऊ नका. वरच्या-खालच्या खाचा समोरासमोर हव्यात.

आता एक युक्ती. खाचांखाली आळीपाळीनं लाल आणि काळा ठिपका द्या. लाल ओळीत लाल ठिपक्यांचे धागे वर राहतात, पुढच्या काळ्या ओळीत काळ्यांचे. मूल मध्येच उठून पाणी प्यायला गेलं तरी परत आल्यावर आपण कुठं होतो ते त्याला स्वतःच कळतं. मी हे ठिपके सुरू केले त्या वर्षापासून "आता वरून की खालून?" हा प्रश्न जवळपास बंद झाला.

६. ताणा लावा

दोऱ्याचं टोक मागच्या बाजूला चिकटपट्टीनं लावा. पहिल्या वरच्या खाचेतून पुढे आणा, समोरून खाली न्या, पहिल्या खालच्या खाचेत अडकवा, मागून शेजारच्या खाचेत काढा, समोरून वर. असं शेवटपर्यंत. ताण्याचे लांब धागे फक्त समोर दिसले पाहिजेत. मागे दोन खाचांमधले छोटे टाकेच. काही मुलं पुठ्ठ्याभोवती दोरा गुंडाळत जातात. त्यानं दोरा दुप्पट लागतो आणि काम उतरवताना गोंधळ होतो.

ताण किती हवा, हे शब्दांत सांगणं कठीण. मी दोन खुणा सांगते. धाग्याखाली बोट सहज सरकलं पाहिजे, आणि धागा उचलून सोडला की तो जागेवर परत आला पाहिजे. पुठ्ठा थोडा जरी वाकलेला दिसला तर ताण जास्त आहे. मुलं सहसा पहिले पाच-सहा धागे फार घट्ट ओढतात आणि कंटाळा आला की उरलेले सैल सोडतात. त्यामुळे कापड एका बाजूला फुगतं. यावर उपाय म्हणजे ताणा जोडीनं लावायचा. एकानं माग दोन्ही हातांत धरायचा, दुसऱ्यानं दोरा लावायचा, मग अदलाबदल. एकट्यानं लावलेल्या ताण्यात मला दरवर्षी दुप्पट चुका सापडतात.

या टप्प्याला पूर्ण एक तास द्या. घाई केली तर पुढचे पाच तास तुम्हीच प्रत्येकाच्या बाकाशी बसून सैल धागे ओढत राहाल.

ताणा लागला की खालच्या खाचांच्या वर २ सेंटिमीटर रुंदीची कागदाची एक पट्टी एक-खालून-एक-वरून घालून खाली दाबा. तिच्यावर पहिली ओळ टेकते, धागे एकसारखे अंतरावर येतात, आणि काम संपल्यावर पट्टी काढली की गाठींना जागा मिळते.

७. बाणा घाला

आइस्क्रीमच्या काडीच्या दोन्ही टोकांना खाच देऊन तिच्यावर लोकर गुंडाळली की धोटा तयार. एका वेळी दीड मीटरच गुंडाळा. जास्त लोकर म्हणजे जास्त गुंता. दाभण किंवा टोकदार सुई मुलांना देऊ नये. ती ताण्याचा धागा चिरत जाते आणि बोटालाही लागते.

सुरुवातीच्या चार ओळी कापडी पट्टीच्या घ्या. पट्टी रुंद असल्यानं ओळ लगेच दिसते आणि मुलाला धीर येतो. जुन्या साडीची पट्टी दीड ते दोन सेंटिमीटर रुंद, नागमोडी कापत गेलात तर सलग लांब मिळते. तिच्यावर लोकरीच्या ओळी बसवा.

प्रत्येक ओळीनंतर कंगव्यानं हलकेच खाली ठोका. लोकर संपली किंवा रंग बदलायचा असला तर गाठ मारू नका. नवीन टोक जुन्या टोकावरून तीन-चार धागे सोबत न्या, कंगव्यानं दाबलं की दोन्ही टोकं आतच बसतात. जोड नेहमी मधोमध द्या, काठावर दिला की तिथं खळगा पडतो.

डावखुरी मुलं उजवीकडून सुरू करू द्या. फळ्यावर दाखवताना त्यांच्यासाठी एकदा उलट दिशेनंही दाखवा. एखाद्या मुलाची बोटं कमजोर असतील तर खाचा दीड सेंटिमीटरवर आणि बाणा जाड कापडाचा द्या, माग बाकाला चिमट्यांनी अडकवा. लाल-हिरवा वेगळा न ओळखणारं मूल वर्गात असू शकतं. त्याच्यासाठी लाल ठिपक्यांच्या जागी फुल्या काढा.

आणि मुलगे कुरकुरले की "हे मुलींचं काम", तर त्यांना सांगा की संत कबीर विणकर होते, आणि येवल्यात पैठणी विणायला मागावर पुरुषही बसतात. मी हे फार समजावत बसत नाही. तिसऱ्या तासाला तेच मुलगे सुट्टीत माग घेऊन बसलेले दिसतात.

८. काठ: इथं सगळ्यात जास्त थांबा

काठ आत ओढला जाणं हा नव्या विणकराचा नेहमीचा आजार. कापड खाली १२ सेंटिमीटर रुंद असतं, मध्ये आठ होतं, वर पुन्हा पसरतं. मूल काही चुकीचं करत नसतं. ओळ संपली की ते धागा ओढून नीटनेटका करतं, आणि नेमकं तेच नडतं.

कारण कळलं तर हात सुधारतो, म्हणून मी हे मैदानावर शिकवते. दहा मुलं एका रांगेत हात-हातभर अंतरावर उभी करा. एक जाड दोर त्यांच्या पुढून सरळ ताणून मोजा. मग तोच दोर एकाच्या पुढून, दुसऱ्याच्या मागून असा नागमोडी न्या आणि पुन्हा मोजा. दुसऱ्यांदा दोर जास्त लागतो. आता नागमोडी दोराची दोन्ही टोकं जोरानं ओढायला सांगा. रांगेतली मुलं एकमेकांकडे ओढली जातात, सगळी हसतात, आणि ताण्याच्या धाग्यांचं काय होतं ते त्यांना अंगावर कळतं.

मग वर्गात उपाय. धोटा पलीकडे गेल्यावर बाणा सरळ ओढायचा नाही. काठाजवळ बोटानं दाबून धरायचं आणि मध्ये दोन बोटं उंच असा 'डोंगर' करायचा. मग कंगव्यानं डोंगर खाली बसवायचा. डोंगरातली जास्तीची लांबी धाग्यांना वळसे घालण्यात वापरली जाते आणि काठ जागेवर राहतो. काठावर लोंबणारे फासे दिसायला लागले तर डोंगर जास्त उंच झाला.

दुसरा उपाय पुठ्ठ्यावर. ताणा लावायच्या आधीच दोन्ही बाजूंना बाहेरच्या धाग्यांच्या मागे पेन्सिलीची उभी रेघ मारा. धागा रेघेवरून आत सरकला की मुलालाच दिसतं.

तिसरा उपाय आपल्या माडाचा. चुडताचे हीर ठेवायला सांगितले होते ते आता काढा. पुठ्ठ्याच्या उंचीचे दोन तुकडे, दोन्ही काठांच्या धाग्यांना लागून उभे ठेवून टोकं चिकटपट्टीनं पक्की करा. काठचा धागा आणि हीर दोन्ही मिळून एकच धागा समजून बाणा त्यांच्याभोवती वळवायचा. हीर वाकत नाही, त्यामुळे काठ आत येऊच शकत नाही. काम संपलं की हीर ओढून काढायचा. पहिला माग याच पद्धतीनं द्या, दुसऱ्या मागाला हीर काढून टाका.

९. चूक मुलालाच उसवू द्या

चार ओळींपूर्वी एक धागा सुटला आहे, हे तुम्हाला दिसेल. माग हातात घेऊन तुम्ही दोन मिनिटांत ते नीट करू शकता. करू नका. चूक कुठं आहे तेवढी ओळ दाखवा आणि विचारा, उसवायचं की तसंच ठेवायचं? बरीच मुलं उसवतात. काही ठेवतात, आणि तेही ठीक आहे, कापड त्यांचं आहे. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शिक्षकांनी "थोडंसं" पुरं करून दिलेली कामं मी पाहिली आहेत. ती सुबक दिसतात, पण ते मूल आपल्याच कामापुढे गप्प उभं असतं.

गुण देताना मी सुबकपणाला कमी आणि पूर्ण करण्याला, जोड नीट देण्याला जास्त गुण ठेवते.

१०. कुणबी चौकडी करायची असेल तर

दरवर्षी कोणी ना कोणी शिक्षक म्हणतात, गोव्यात आहोत तर मुलांकडून कुणबी साडीची लाल-पांढरी चौकडी करून घेऊ या. विचार फार चांगला आहे. कुणबी आणि गावडा समाजातल्या बायका नेसतात ती ही साडी. कोकणीत तिला नुसतं 'कापड' म्हणतात आणि खांद्यावर गाठ मारून नेसतात. ती मागे पडत चालली असताना कोलवाळचे वस्त्ररचनाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी तिला पुन्हा लोकांसमोर आणलं.

पण वर सांगितलेल्या पुठ्ठ्याच्या मागावर चौकडी येत नाही. मी दोन रंगांचा ताणा लावून घेतला, मुलांनी मेहनतीनं विणलं, आणि कापडावर नुसते आडवे पट्टे दिसले. ताण्याचे धागे १ सेंटिमीटरवर, बाणा जाड, कंगव्यानं दाबलेला. अशा कापडात ताणा पूर्ण झाकला जातो. चौकडी दिसायची तर ताणा आणि बाणा सारखेच जाड हवेत आणि दोन्हींची दाटी सारखी हवी.

म्हणून दोन वाटा आहेत. सोपी वाट कागदाची: लाल आणि पांढऱ्या सुट्या पट्ट्या घ्या, उभ्या लावताना दोन लाल, दोन पांढऱ्या असा क्रम ठेवा, आडव्यांनाही तोच. लालवर लाल येतं तिथं भरीव लाल चौकोन, पांढऱ्यावर पांढरं येतं तिथं पांढरा, आणि जिथं दोन्ही मिसळतात तिथं लहान-लहान ठिपक्यांची जाळी. लांबून ती गुलाबी दिसते. हे पाहून मुलांना चौकडीचं गुपित उलगडतं. अवघड वाट सातवीसाठी: जाड पुठ्ठा, अर्ध्या सेंटिमीटरवर खाचा, ताण्याला आणि बाण्याला मॅक्रमेचा (गाठींच्या नक्षीकामाचा) तोच ३ मिलिमीटरचा सुती दोर, आणि कंगवा अगदी हलका.

गावात कोणा आजीकडे जुनं कापड असेल तर तिला वर्गात बोलवा, पण आधी घरी जाऊन विचारा. ती पाहुणी म्हणून येते, तिला खुर्ची द्या, आणि मुलांना तिच्याशी कोकणीत बोलू द्या. कापडाला हात लावायचा असेल तर मुलांनी तिला विचारावं.

११. कापड मागावरून उतरवा

वरच्या खाचांपर्यंत दाट विणलं असेल तर मागचे फासे एकेक करून खाचांच्या दातांवरून सोडवले की कापड अख्खं निघतं. फासे लहान असल्यानं कापड उसवत नाही. वर जागा रिकामी राहिली असेल तर ताणा कापावा लागेल. इथं एक घोळ दरवर्षी होतो: मूल उत्साहात सगळे धागे एका फटक्यात कापतं आणि वरच्या ओळी हातात सुटतात. एका वेळी दोनच धागे कापायचे, लगेच गाठ मारायची, मग पुढचे दोन. १३ धागे असल्यानं शेवटच्या गाठीत तीन येतील. त्या तासाला कात्र्या वाटूच नका. तुम्ही कात्री घेऊन फिरा, जोडी-जोडी कापून द्या.

खालची कागदाची पट्टी काढा, हीर ओढा, मागे लोंबणारी टोकं दोन बोटं ठेवून कापा. कापड उलटं ठेवून वर ओलसर फडकं आणि जड पुस्तकं रात्रभर ठेवली की ते सपाट होतं. लोकर अ‍ॅक्रिलिकची असेल तर इस्त्री लावू नका, वितळते.

प्रदर्शनात कापड पिना टोचून लावू नका. दोरीला चिमट्यांनी अडकवा, शेजारी नाव आणि इयत्ता. पुठ्ठ्याचे माग फेकू नका, खाचा शाबूत असतील तर दोन वर्षं चालतात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा, जमिनीजवळ ठेवले तर पुढच्या जूनमध्ये वाळवी लागलेली सापडेल.